दादाच्या जोडीदारांच्या गावी

नांदेड, लातूर ही नावं मला चाळीस वर्षं फक्त आंतरदेशीय पत्रांच्या पाठीवर भेटली होती. माझा थोरला भाऊ वसंत लष्करात बॉक्सिंग करायचा आणि त्याचे दोन जोडीदार त्या बाजूचे होते: अर्धापूरचे किसन कांबळे आणि किल्लारीचे विश्वनाथ, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. दादा आणि अप्पा एकाच ऑलिंपिकला गेले, किसनभाऊ त्याच्या पुढच्या. तिघांपैकी कुणालाच पदक मिळालं नाही. दादा पहिल्याच लढतीत हरला. आमच्या नाशिकच्या घरात त्या लढतीचा विषय कुणी काढत नसे.

मागच्या श्रावणात दादा गेला. पौषात त्याच्या नावाने लातूरहून एक पत्रिका आली. तिथल्या काही हौशी लोकांनी जुन्या ऑलिंपिकवीरांचा सत्कार ठेवला होता आणि शेवटी एक प्रेक्षणीय लढत. अप्पांविरुद्ध दादा. मी फोन करून दादाची बातमी सांगितली. संयोजक हळहळले. मग म्हणाले, हरकत नाही, उदगीरचा एक तिशीतला गडी अप्पांसमोर उभा करू, तीनच फेऱ्या, नुसती गंमत. "अप्पा जोरात तयारीला लागलेत. पोरांना म्हणतात, मारा डोक्यात. या वयात पण लई पचवतात हो."

हे ऐकल्यावर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

दादा कशाने गेला ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांना आम्ही हृदयविकार सांगितला. खरं कारण असं होतं की वीस वर्षं डोक्यावर घेतलेल्या ठोशांनी त्याचा मेंदू आतून झिजत गेला होता. शेवटची तीन वर्षं तो हळूहळू घरातून नाहीसा होत गेला, आमच्या डोळ्यांदेखत. अजून शुद्ध होती तेव्हा त्याने मला बजावलं होतं, "सुमे, कुणाला सांगायचं नाही. वसंताचं डोकं फिरलं म्हणतील." मी हो म्हटलं होतं.

अप्पांनी रिंगमध्ये चढू नये एवढ्यासाठी मी निघाले. त्यांना थांबवायचं तर दादाला दिलेला शब्द मोडावा लागणार होता. मी चाळीस वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी पुस्तकं लावायला उठते. 

नांदेड, अर्धापूर

किसनभाऊ स्टेशनवर उभे होते. सडपातळ, ताठ, डोक्यावर मफलर. एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून बोलणाऱ्याच्या उजव्या बाजूला सरकायची त्यांना सवय आहे. खेळाडूंच्या कोट्यातून तहसिलात लागले, कारकून म्हणून निवृत्त झाले, आता अर्धापूरला केळीची बाग बघतात.

"पहिले जेवायचं," ते म्हणाले. "आमच्या नांदेडात कुणी बी येवो, मी पहिले लंगरात नेतो. इथं लाजायचं न्हाई."

गुरुद्वारात पंगतीत बसलो. आमच्याकडे पानात वाढतात, इथे पोळी दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करून घ्यायची. आजूबाजूला शेकडो हात पसरलेले. मी मात्र फक्त किसनभाऊंचे हात बघत होते. दादाच्या आजाराची सुरुवात हातांपासून झाली होती. चहाचा कप बशीवर वाजायला लागला होता. किसनभाऊंची बोटं जाड, सांधे फुगलेले, पण पोळी पडली तेव्हा हात हलले नाहीत. डाळीची वाटी उचलली तेव्हाही नाही. मी पहिला घास घेतला तो तेव्हा. डाळ दाट होती, तुपाचा वास होता, आणि मला भूक लागली आहे हे तिथे कळलं.

अर्धापूर केळीचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, घडांना पिशव्या चढवलेल्या, सगळीकडे पानांचा ओला, हिरवट वास. किसनभाऊंच्या घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या बाजूला पलटणीच्या चमूचा फोटो. त्यात दादा एकवीस वर्षांचा होता. किसनभाऊंनी फोटो खाली काढला, पुसला, बुद्धासमोर ठेवला. मेणबत्ती लावली, त्यांच्या सुनेने उदबत्ती लावली आणि दोघांनी त्रिसरण म्हटलं. आमच्याकडे दहावं-तेरावं, पिंड, कावळा, सगळी धावपळ झाली होती आणि त्या धावपळीत दादाविषयी कुणी बसून दोन शब्द बोललं नव्हतं. इथे पाच मिनिटांत सगळं आटपलं आणि मग सगळे मांडी घालून त्याच्याविषयीच बोलत बसले.

बोलता बोलता किसनभाऊ हसायला लागले.

"ताई, तुम्हाला उस्तादाची गोष्ट सांगितली का वसंतानं? न्हाई? अवो, आमचे उस्ताद लई बेरकी माणूस. मार लागला की डॉक्टर रिंगजवळ येतो, बोटं दाखवतो, किती ते विचारतो. चुकलं की लढत बंद. आता ठोसा बसल्यावर दिसतंय कुणाला? एकाची चार बोटं दिसत्यात. पण आमच्या कॅम्पातला डॉक्टर कसा होता, त्याच्या त्याच हातात बॅटरी असायची. अशी." त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून दाखवलं. "मग बाकी बोटं किती राहिली?"

"तीन," सून म्हणाली.

"तीन. उस्ताद म्हणायचे, बघायचंच न्हाई. डॉक्टरनं विचारलं की तीन म्हणून मोकळं व्हायचं. आम्ही झोपेत पण तीन म्हणायचो. वसंता तर असा पक्का, की खाणावळीत पोळ्या किती म्हटलं तरी तीन."

सगळे हसले. मी हातातलं केळ खाली ठेवलं.

चार वर्षांपूर्वी मी दादाला नाशिकला एका डॉक्टरांकडे नेलं होतं. तो रस्ते विसरायला लागला होता. डॉक्टरांनी हात वर करून विचारलं, किती? दादा ताबडतोब म्हणाला, तीन. डॉक्टर हसून म्हणाले, अगदी बरोबर, वयोमानाने होतं थोडं विसरायला. त्या 'बरोबर'वर आम्ही एक वर्ष काढलं. दादाने त्या हाताकडे पाहिलं होतं का, हे मी आठवायचा प्रयत्न करत होते. तो खिडकीकडे बघत होता.

"वसंता कशानं गेला म्हणालात?" किसनभाऊंनी विचारलं.

"हृदयविकार," मी म्हणाले. शब्द इतका सवयीने बाहेर आला की माझी मलाच भीती वाटली.

किल्लारी

किसनभाऊ रविवारी थेट लातूरला येणार होते. मी आदल्या दिवशी एकटीच निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर मागे पडली तशी माती काळी होत गेली. येळवस नुकतीच झाली होती, म्हणजे मार्गशीर्षातली शेतावर जाऊन जेवायची अमावस्या. शेताशेतांत कडब्याच्या खोपी अजून तशाच उभ्या होत्या, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले. माझ्या शेजारच्या बाईने डब्यातली उरलेली आंबील मला आग्रहाने पाजली. आंबट, गार, लसणाची. आमच्याकडे बसमध्ये अनोळखी माणसाला कुणी पाणीही विचारत नाही.

लातूरहून किल्लारीची जीप धरली. ड्रायव्हरने विचारलं, "जुनी का नवी?" दादाच्या वहीत पत्ता लिहिला होता तो भूकंपाच्या आधीचा. मी म्हटलं, "जुनी." त्याने माझ्याकडे जरा बघितलं. बऱ्याच वेळाने एका फाट्यावर उतरवून दिलं आणि निघून गेला.

तिथे गाव नव्हतं. बाभळी होत्या, दगडांचे ढीग होते, मध्येच एखादी कमरेएवढी भिंत आणि तिच्यातला कोनाडा. भूकंपात गाव पडलं आणि लोकांना लांब नवी वस्ती बांधून दिली, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं पायाखाली आलं की काहीच उपयोगी पडत नाही. उन्हं उतरत होती. फोनला रेंज नव्हती. माणसाचा आवाज नव्हता. मी रस्त्याकडे वळले आणि भिंतींच्या मध्ये मला दादा दिसला.

हनुवटी खाली, डावा खांदा पुढे, पाय सरकवत, कुणीच समोर नसताना ठोसे मारणारा पांढऱ्या केसांचा माणूस. मध्ये थांबून तो कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान वाकडी करत होता. दादा हेच करायचा, शेवटच्या वर्षी, आमच्या स्वयंपाकघरात. माझे पाय जागचे हलेनात. हाक मारावी तर तो वळेल, आणि वळल्यावर कोण निघेल, याची धास्ती.

तो वळला. नाक बसकं, गळ्यात चांदीची डबी. अप्पा होते.

"कोण पायजे?"

"मी वसंताची बहीण. नाशिकची. सुमन."

"वसंताची भैन." ते जवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "हे आमचं घर, ताई. तुमी आमच्या ओसरीवर हुब्या हाव. मी रोज हितंच सराव करतो. नव्या घरात जागा हाय, पर माझं पाय हितंच चालत्यात."

नव्या किल्लारीला चालत आलो. सरळ रस्ते आणि रांगेत घरं, सगळी एका मापाची, एका छपराची. अप्पा झपझप चालत एका घराच्या दारात शिरले, चप्पल काढली आणि आतल्या खाटेवर बसले. स्वयंपाकघरातून एक तरुण बाई डोकावली. "अप्पा, पुढलं घर," ती सहज म्हणाली आणि परत आत गेली. अप्पांनी चप्पल घातली. बाहेर येताना मला म्हणाले, "सरकारनं समदी सारखीच बांधली. माणूस चुकतंच."

पुढच्या घरातही त्यांच्या पत्नी नव्हत्या. तिथला म्हातारा हसून म्हणाला, "आज दोनदा चुकला व्हय?" आम्ही तिसऱ्या दारात पोचलो.

महादेवीवहिनी दारात उभ्याच होत्या. माहेर बिदरकडचं, बोलण्यात कानडी हेल. मला बघताच "या अक्का" म्हणून आत नेलं. येसराची आमटी, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून केलेला मसाला. आमटी तोंडात जाळ करते, आणि खालचा ओठ पोळला तरी हात थांबत नाही.

जेवताना अप्पांनी ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. दादा हरून आला, टॉवेल डोक्यावर घेऊन बसला आणि अप्पांना म्हणाला, इशा, आता तू माझ्या वाटणीचं पण मार. अप्पांनी दुसऱ्या दिवशी लढत जिंकली. मी ही गोष्ट आधी ऐकली नव्हती, डोळे भरून आले. पाणी प्यायले. अप्पांनी भाकरी मोडली आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली, त्याच शब्दांत. महादेवीवहिनी ताटाकडे बघत होत्या. टॉवेलपाशी आल्यावर त्यांचे ओठ अप्पांबरोबर हलत होते.

"वसंताला जाळलं का?" अप्पांनी मध्येच विचारलं.

"हो. आमच्यात दहन करतात."

"आमच्यात बसवून माती देत्यात. बरं हाय ते. आयुष्यभर उस्ताद सांगायचे, आडवं व्हायचं न्हाई. मेल्यावर बी आडवं न्हाई." ते स्वतःच्या विनोदावर खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "उद्या बघा ताई. लोक म्हणत्यात अप्पानं रिंग सोडून दुकान टाकलं आन् संपला. उद्या समदं लातूर बघंल."

ते हात धुवायला गेले तेव्हा वहिनींनी खुंटीवरचा त्यांचा स्वेटर काढून माझ्यासमोर धरला. कॉलरच्या आतल्या बाजूला शिवणीच्या दोऱ्याने फोन नंबर काढला होता.

"औशाच्या बसस्टँडवर सापडले दिवाळीत," त्या हळू म्हणाल्या. "गावात कुणाला वाटत न्हाई काही. घरं सारखी, म्हणत्यात. अक्का, वसंतभावजी कशानं गेले? खरं सांगा."

मी हे सांगायलाच सहाशे किलोमीटर आले होते. नळाचा आवाज थांबला. अप्पांची पावलं दाराकडे येत होती. मला दादाचा चेहरा दिसला, 'सुमे' म्हणणारा.

"हृदयविकार," मी म्हणाले.

वहिनींनी स्वेटर घडी करून ठेवला. माझं खोटं त्यांना कळलं, असं मला तेव्हा वाटलं. आता खात्री आहे.

लातूर

कार्यक्रम एका शाळेच्या पटांगणात. रिंग उभारली होती, दोऱ्यांना झेंडूच्या माळा, ध्वनिक्षेपकावर कुणीतरी ऑलिंपिकवीर, ऑलिंपिकवीर असं सारखं म्हणत होतं. किसनभाऊ आले होते, कडक इस्त्रीत. उदगीरचा तो तरुण अप्पांच्या पाया पडला आणि म्हणाला, "अप्पा, हळूच लागंल." अप्पा म्हणाले, "मला हळू मारलास तर कान पिळीन."

संयोजकांना मी गाठलं आणि म्हटलं, लढत टाळता येईल का? ते म्हणाले, "काळजी करू नका ताई, डोक्याला हेडगार्ड हाय." दादाच्या शेवटच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, ते कातडं वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. मी हे बोलले. पण इतकं हळू बोलले की वाजंत्रीत बुडून गेलं.

लढतीआधी एका वर्गात तपासणी. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणीतरी काढलेलं पानाचं चित्र. हौसेने आलेले एक तरुण डॉक्टर, वहिनी, किसनभाऊ आणि मी. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, छाती ऐकली. "अप्पा, तुमचं हृदय माझ्यापेक्षा भारी." मग गंमत म्हणून हात वर केला. "किती बोटं?"

"तीन," अप्पा म्हणाले.

चार होती. मी बघितलं, चार होती. अप्पा फळ्याकडे बघत होते.

डॉक्टर हसले. "मस्करी करता राव." कागदावर सही केली आणि दुसऱ्या खेळाडूकडे गेले. किसनभाऊ हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. कदाचित माझा चेहरा बघून त्यांना काही कळलं असेल.

वहिनी अप्पांच्या हातांना पट्टी गुंडाळत होत्या. मी समोरच्या बाकावर बसले. बसून बोलणं सोपं जातं.

"अप्पा, दादा हृदयविकाराने गेला नाही."

वहिनींचा हात थांबला.

मी सांगितलं. पुस्तकातल्यासारखं क्रमाने नाही, जसं आठवलं तसं. तो रस्ते विसरला ते. संशय घ्यायला लागला ते. शेवटच्या वर्षी एका दुपारी मी त्याला पाणी द्यायला गेले आणि त्याने मला मिठी मारली. दमलेला बॉक्सर समोरच्याला मिठीत धरून ठेवतो, तशी. जोर तोच होता. तो मला मारत नव्हता, नुसता धरून होता, खांद्यावर हनुवटी टेकून, आणि माझा श्वास कोंडत होता. मी दादा म्हटलं, वसंत म्हटलं, रडले. किती वेळ गेला माहीत नाही. मग मिठी सोडवताना पंच म्हणतात तो शब्द मला आठवला. मी म्हटलं, ब्रेक. त्याने लगेच सोडलं, एक पाऊल मागे सरला आणि हात वर घेऊन उभा राहिला. त्यानंतर मी त्या खोलीत एकटी गेले नाही. तो माझा भाऊ होता आणि मी त्याला भ्यायचे.

बाहेर वाजंत्री चालू होती. अप्पा खाली बघत होते.

"वसंता पचवणारा गडी व्हता," ते म्हणाले. "आमच्यात समद्यात जास्त मार त्यानंच पचवला."

"पचला नव्हता अप्पा. आत साठत होता."

"ते त्याचं. मला काय त्याचं?"

"अप्पा," किसनभाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "डॉक्टरनं आत्ता किती बोटं दाखवली?"

"तीन."

"चार होती अप्पा."

"तीनच असत्यात," अप्पा म्हणाले. अगदी शांतपणे, लहान मुलाला समजावल्यासारखं. मग ते किसनभाऊंच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं. मी ते नाशिकला दादाच्या चेहऱ्यावर एकदा बघितलं होतं. पुन्हा बघायला लागू नये म्हणून घर सोडून पळून जावं असं वाटतं.

वहिनींनी पट्टी सोडायला घेतली. अप्पांनी हात ओढून घेतला.

"माणसं जमल्यात भायेर. इशवनाथ भ्याला म्हणतील. तू सांगशील त्येंला?" प्रश्न मला होता. आतापर्यंत ते मला अहोजाहो करत होते. "तुझा भाऊ कशानं गेला ते सांग. माइकवर. मंग मी न्हाई चढत. न्हाई तर चढतो."

किसनभाऊ म्हणाले, "अप्पा, ताईंना कशाला..."

"तू गप ऱ्हा किसन."

मी माइकसमोर उभी राहिले तेव्हा मला लोक दिसले नाहीत, नुसते रंग दिसले. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मला बाहेरून ऐकू आला. मी म्हटलं, मी वसंताची बहीण. माझा भाऊ ऑलिंपिकला गेला होता. तो डोक्याच्या आजाराने गेला, तो वेडा नव्हता, आणि तो आजार त्याला ठोशांनी झाला. आम्ही लाजेने लपवलं. विश्वनाथअप्पा आज लढणार नाहीत, कारण मी त्यांना हात जोडून नको म्हटलं आहे. इतकंच.  खाली उतरले तर टाळ्या नाहीत, आरडाओरडही नाही. पुढच्या रांगेतली एक आई शेजारच्या आपल्या मुलीच्या डोक्यावरून नुसता हात फिरवत होती. अप्पांना शाल दिली, ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली आणि रागाने दुसरीकडे बघत बसले.

परत लातूर

सोमवारी आम्ही चौघं मेंदूच्या तपासणीला एका केंद्रात गेलो. किसनभाऊंनी नाव नोंदवलं. नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने स्वतःहून त्यांना विचारलं, तुमचं पण करायचं का? ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात." मग बाहेर जाऊन बराच वेळ पायरीवर बसले. मी त्यांच्याकडे गेले नाही. 

आतला माणूस अप्पांना म्हणाला, अंगावर धातू चालत नाही. अप्पांनी गळ्यातल्या डबीवर हात ठेवला. आत लिंगायतांचं इष्टलिंग, ते अंगावेगळं करायचं नाही, लहानपणापासूनचं. वहिनी त्या माणसाशी कानडी-मराठीत बोलल्या. तो म्हणाला, चांदी तेवढी काढा, दगडाला हरकत नाही. वहिनींनी डबी उघडली, लिंग पांढऱ्या रुमालात बांधलं आणि अप्पांच्या डाव्या मुठीत दिलं.

आम्ही बाकावर वाट बघत होतो. कालपासून अप्पा माझ्याशी बोलले नव्हते.

"वसंताला बी ह्याच्यात घातलं व्हतं?"

"हो."

"लई आवाज येतो म्हणत्यात."

"येतो. घण घातल्यासारखा. अर्धा तास हलायचं नाही."

ते रुमाल मुठीत चुरगळत होते.

"भ्याला व्हता का त्यो?"

दादाविषयी कुणी विचारलं की काय सांगायचं ते माझं ठरलेलं होतं. धीराचा होता, शेवटपर्यंत हसतमुख होता. ते ओठांपर्यंत आलंही.

"खूप भ्याला होता," मी म्हटलं. "आत जायच्या आधी रडला. माझा पदर सोडेना. पंधरा मिनिटं सगळे खोळंबले."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. 

"वसंता रडला," ते म्हणाले, जसा एखाद्या लढतीचा निकाल सांगावा तसं. मग त्यांचं तोंड वाकडं झालं आणि ते रडायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत, मूठ छातीशी धरून. वहिनींनी डोळे पुसायला पदर पुढे केला, त्यांनी मान हलवली. पुसू दिलं नाही. आतून नाव पुकारलं तसे ते तसेच उठले, ओल्या चेहऱ्याने, आणि आत गेले.

दार लागलं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे घण सुरू झाले. महादेवीवहिनी बाकावर सरकून मला चिकटून बसल्या, आणि तो आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघी त्या दाराकडे बघत होतो.